मस्कतचं खातं आणि ग्रुपवर फिरणारी यादी

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. पगार हातात पडायच्या आधी कर कापला जातो, त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘पनामा आणि पँडोरा पेपर्समधले बेळगावकर’ म्हणून एक यादी आली, बेटांवरच्या कंपन्यांच्या फुटलेल्या कागदांतली म्हणे. त्यात एका कारखानदार घराण्याचं आडनाव आहे. मंडळाची पोरं उद्यमबागेत त्यांच्या कारखान्याच्या गेटसमोर फ्लेक्स लावायचं म्हणतात. राग मलाही आहे. आमच्यासारख्यांचा कर पै पै मोजून जातो आणि मोठे लोक बेटांवर कंपन्या काढून मोकळे. पण माझी झोप उडाली ती दुसऱ्याच कारणानं. माझे मिस्टर ११ वर्षं मस्कतला नोकरीला होते, १० ऑगस्ट २०२२ ला कायमचे परत आले. तिथलं पगार-ग्रॅच्युइटीचं बँक खातं अजून चालू आहे, रुपयांत धरलं तर साडेसहा लाखांच्या आसपास. ते आता इथं एका दुकानाचा हिशेब लिहितात. रिटर्न दरवर्षी ‘सहज’ फॉर्मवर भरतो, त्यात हे खातं कधी दाखवलं नाही. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘परदेशात पैसा ठेवणारा प्रत्येक जण देशाचा चोर.’ मी गप्प बसले. आम्हीही त्यातलेच का? आणि पोरांना काय सांगू?

उत्तर : ताई, आधी तुमच्या झोपेचं बघू, मग रागाचं. दोन्हींचं उत्तर शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतं.

तुम्ही चोर नाही. परदेशात खातं असणं हा भारतात गुन्हा नाही. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, स्पष्ट सांगतो की माणूस परदेशात राहत असताना जे कमावलं, ते परत आल्यावरही तिथंच ठेवता येतं. मिस्टरांचा पैसा पगाराचा आहे, नोकरी सोडताना मिळालेल्या ग्रॅच्युइटीचा आहे, आणि तो त्यांच्याच नावावर आहे. राहिलं असेल तर एकच : रिटर्नमध्ये सांगायचं. आणि ते नेमकं कोणत्या वर्षापासून सांगायला हवं होतं याला सरळ गणित आहे. बरेच जण हे गणित न करताच घाबरतात, किंवा न करताच निर्धास्त राहतात.

परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे रिटर्नमधलं ‘शेड्यूल एफए’, फक्त ‘रहिवासी आणि सामान्यतः रहिवासी’ असलेल्यानं भरायचं असतं. बरीच वर्षं बाहेर काढून आलेला माणूस लगेच त्या वर्गात जात नाही. आधीच्या १० आर्थिक वर्षांपैकी ९ वर्षं तो अनिवासी असेल, किंवा आधीच्या ७ वर्षांत त्याचे भारतातले दिवस मिळून ७२९ किंवा त्याहून कमी भरत असतील, तर तो ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नसलेला’ ठरतो. अशा वर्षी हा तक्ता लागत नाही आणि मस्कतच्या खात्यावरच्या व्याजावर इथं करही लागत नाही.

आता मिस्टरांचं बघा. २०२२-२३ मध्ये १० ऑगस्टपासून ३१ मार्चपर्यंत २३४ दिवस होतात. वर्षात १८२ दिवस भरले की माणूस रहिवासी धरला जातो, म्हणून ते रहिवासी झाले. पण आधीची दहाही वर्षं बाहेर, त्यामुळं ‘सामान्यतः’ नाही. २०२३-२४ ला मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी, म्हणजे त्याही वर्षी सुटका. २०२४-२५ ला मात्र ती ९ ची ८ होतात, मग दिवस मोजायची वेळ येते. मागच्या ७ वर्षांपैकी शेवटच्या दोन वर्षांचे २३४ अधिक ३६६ असे ६०० दिवस झाले. उरले १२९. परत येण्याआधी, २०१७-१८ पासून, गणपतीला, लग्नकार्याला, सुट्टीला ते जितके दिवस गावी होते त्यांची बेरीज १२९ च्या आत असेल तर २०२४-२५ लाही ते सुटतात. वर्षाला महिनाभराची सुट्टी धरली तर पाच वर्षांचे १५० होतात, म्हणजे सुटत नाहीत. कोविडच्या काळात ते गावी अडकून पडले असतील तर हिशेब पुन्हा बदलतो. तेव्हा सहा महिन्यांहून जास्त राहिले असतील तर त्या वर्षाचं अनिवासीपणही तपासून घ्यावं लागेल. म्हणून अंदाजानं नको. जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट काढा, येण्या-जाण्याचे शिक्के बघा आणि एका कागदावर तारखा लिहा. आलेला आणि गेलेला, दोन्ही दिवस धरून मोजा.

म्हणजे खातं न दाखवल्याची तुमची चूक बहुधा सगळ्या वर्षांची नाही, एकाच वर्षाची आहे : २०२४-२५ ची. आणि २०२५-२६ पासून तर तक्ता भरायलाच हवा.

तो कसा भरायचा ते नीट समजून घ्या, कारण चुका इथंच होतात. पहिली गोष्ट, ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ मध्ये हा तक्ताच नाही. परदेशी खातं असलेल्याला तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-४ ही चालत नाही. मिस्टरांना पगार आहे, धंदा नाही, तर आयटीआर-२. दुसरी, तक्त्याचं वर्ष आर्थिक वर्ष नसून इंग्रजी कॅलेंडरचं असतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ चे आकडे जातात. एप्रिल-मार्चचं स्टेटमेंट जोडून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. तिसरी, वर्षात एक दिवस जरी खातं चालू असलं तरी ते दाखवायचं, मग मध्येच बंद केलं असो किंवा त्यावर एक पैसाही व्याज नसो. त्या तक्त्यातल्या ‘ए-१’ भागात देशाचं नाव आणि कोड, बँकेचं नाव-पत्ता, खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक आणि वर्षभराचं व्याज, एवढं लागतं. सगळं रुपयांत. रियालचे रुपये करताना स्टेट बँकेचा ‘टीटी बाइंग’ दर, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, धरायचा. सर्वाधिक शिल्लक ज्या दिवशी होती त्या दिवसाचा दर वेगळा, वर्षअखेरचा वेगळा. गुगलवर दिसेल तो दर टाकू नका. व्याज असेल तर ते उत्पन्नातही मिळवायचं. नुसत्या तक्त्यात दाखवून भागत नाही. मस्कतला खात्याशिवाय आणखी काही आहे का, हेही त्यांना विचारा : एखादी विमा पॉलिसी, शेअर, कुणा मित्राबरोबरचं जोडखातं, जुन्या कंपनीच्या खात्यावर सहीचा अधिकार. सहीच्या अधिकाराचाही वेगळा रकाना आहे, आणि तो हमखास विसरला जातो.

राहून गेलेल्या वर्षाचं काय? २०२४-२५ चं सुधारित रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यानंतर ‘आयटीआर-यू’ म्हणजे अद्ययावत रिटर्नचा रस्ता उरतो. तो त्या वर्षासाठी मार्च २०३० अखेरपर्यंत खुला आहे, पण पहिल्या बारा महिन्यांत थकलेला कर आणि व्याज यांवर २५ टक्के जादा, पुढं ५०, ६०, ७० अशी चढण आहे. हा फॉर्म वाढीव कर भरण्यासाठी आहे. मिस्टरांचं एकूण उत्पन्न इतकं कमी असेल की कर काहीच निघत नसेल, तर दुरुस्ती कोणत्या वाटेनं करायची ते सीएच्या टेबलावर ठरवा. ते काम ग्रुपवर विचारून करण्यासारखं नाही.

दंडाची बातमी ऐकून तुम्ही हादरला असाल. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात परदेशी मालमत्ता न दाखवल्यास वर्षाला १० लाख रुपये दंड आहे, हे खरं. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यात एक मोठी सूट आली : घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. तुमचे साडेसहा लाख त्याच्या बरेच आत बसतात. याचा अर्थ दाखवायची गरज नाही असा मात्र घेऊ नका. सूट दंडाला आहे, दाखवण्याला नाही.

खरी धास्ती वेगळ्या गोष्टीची. घाबरलेली माणसं या टप्प्यावर जे करतात ते निस्तरायला अवघड जातं. खातं घाईनं बंद करून पैसा ओळखीच्या माणसाकडून ‘हातोहात’ मागवतात, तो हवाला होतो आणि तोपर्यंत पांढरा असलेला पैसा काळा होतो. किंवा भावाच्या नावावर फिरवतात. यातलं काहीही करू नका. आणायचा असेल तर मस्कतच्या बँकेतून इथल्या स्वतःच्या खात्यात, बँकेमार्फत, आणि त्याचा कागद जपून ठेवायचा. खातं बंद केलं म्हणून मागची माहिती पुसली जात नाही. ओमान, अमिरातींसह शंभरावर देश दरवर्षी एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप कळवतात. भारतानं ही देवाणघेवाण २०१७ मध्ये सुरू केली. ही माहिती हाती आल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्यानं करदात्यांना संदेश पाठवून ‘तक्ता तपासा’ म्हणून सांगितलं. २४,६७८ जणांनी रिटर्न दुरुस्त केलं आणि २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता दाखवली गेली. त्यात तुमच्यासारखी घरंही असणारच. स्वतःहून सांगणं आणि नोटिशीनंतर सांगणं यांत फार फरक पडतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण आखातातून परतलेल्या घरांत हमखास सापडते. इथल्या बँकेत त्यांचं एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, खातं अजून तसंच आहे का? कायमचं परत आल्यावर बँकेला कळवून ते साधं रहिवासी खातं करून घ्यावं लागतं किंवा पैसा आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या, खात्यात वळवावा लागतो. एनआरईचं व्याज करमुक्त, तेही परत आल्यावर तसं राहत नाही. मस्कतच्या खात्यापेक्षा हीच चूक जास्त घरांत असते.

आता यादी.

पनामा पेपर्स ३ एप्रिल २०१६ ला बाहेर आले. मोसॅक फॉन्सेका या पनामातल्या एका वकिली कंपनीतून फुटलेली १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २ लाख १४ हजारांवर कंपन्या आणि ट्रस्ट. पॅराडाइज पेपर्स नोव्हेंबर २०१७ चे. पँडोरा पेपर्स ३ ऑक्टोबर २०२१ चे, बेटांवर कंपन्या काढून देणाऱ्या १४ वेगवेगळ्या सेवा कंपन्यांचे, १ कोटी १९ लाख. हे काम आंतरराष्ट्रीय शोध पत्रकारांच्या आयसीआयजे या संघटनेनं केलं, भारतात इंडियन एक्स्प्रेसनं. पनामात सुमारे ५०० भारतीय नावं होती, पँडोरात सुमारे ३८०. आयसीआयजेनं कंपन्यांची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, आणि तिथंच त्यांनी बजावलंय की अशा कंपन्यांचे कायदेशीर वापरही असतात, नाव आहे म्हणून कायदा मोडला असं समजू नये. ग्रुपवरच्या यादीतून हे वाक्य नेमकं गळलेलं असतं.

म्हणून पोरांना सांगा, पहिल्यांदा आयसीआयजेच्या त्या खुल्या माहितीत मूळ नोंद उघडून बघा. आडनाव जुळलं याला काही अर्थ नाही. पाटील, देसाई, जाधव आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. पूर्ण नाव आणि पत्ता जुळतो का? शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, त्यामुळं पनामातल्या जुन्या नोंदीत ‘बेळगाव’च सापडायला हवं. पिन कोड ५९० किंवा ५९१ नं सुरू होतो का? मग त्या माणसाची भूमिका काय लिहिली आहे : भागधारक, संचालक, लाभार्थी की नुसता मध्यस्थ? कंपनी कोणत्या वर्षी निघाली, कधी बंद पडली? आणि तो माणूस तेव्हा भारताचा रहिवासी होता का? अनिवासी माणसानं बाहेर कमावलेल्या पैशातून बाहेर कंपनी काढली तर आपल्या आयकराचा तिच्याशी संबंध येत नाही. रहिवाशालाही रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, फक्त ते कागदावर हवेत.

एवढ्यावरही नाव जुळलं तरी जो प्रश्न उरतो तो यादीत लिहिलेलाच नसतो : ही कंपनी त्यांनी आपल्या रिटर्नमध्ये दाखवली का आणि पैसा कुठून आला. म्हणजे तुम्ही स्वतःला जो प्रश्न विचारलात, तोच.

आणि ज्यांनी दाखवलं नाही त्यांच्यावरचा तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. तो कशावर आहे ते नीट कळावं म्हणून एक नमुना बघा, कुणा खऱ्या कारखान्याचा नव्हे. समजा एक फौंड्री १ लाख डॉलरचं कास्टिंग जर्मनीला पाठवते. बिल मात्र ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या एका कंपनीच्या नावावर ८० हजारांचं काढते. ती कंपनी जर्मन गिऱ्हाइकाला १ लाखाचं बिल लावते. माल सरळ जर्मनीला जातो, २० हजार डॉलर बेटावर उरतात. बेटावर त्यावर कर नाही. कंपनीच्या कागदावर संचालक म्हणून तिथला पगारी माणूस, खरा मालक इथला. पुढं तेच २० हजार ‘परदेशी गुंतवणूक’ म्हणून मालकाच्याच दुसऱ्या कंपनीत परत येतात आणि त्याचं स्वागत होतं. इथं नफा कमी दिसला, कर कमी गेला, आणि कामगाराला सांगायला ‘यंदा धंदा मंदा, बोनस नाही’ हेही तयार. हे कर चुकवणं आहे आणि हा गुन्हा आहे. काळा पैसा कायद्याखाली अशा लपवलेल्या मालमत्तेवर ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड, म्हणजे किमतीच्या १२० टक्के, वर ३ ते १० वर्षं सक्तमजुरी.

याच्या शेजारी आणखी एक प्रकार आहे : कायद्यातल्या फटीतून कर टाळणं. मॉरिशसमार्फत आलेल्या गुंतवणुकीच्या शेअर विक्रीच्या नफ्यावर कित्येक वर्षं ना इथं कर लागला, ना तिथं, कारण भारत-मॉरिशस करारानं तो कर लावायचा हक्क मॉरिशसला दिला होता आणि तिथं असा करच नव्हता. तो करार मे २०१६ मध्ये बदलला, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरना नवा नियम लागला. अशा ठिकाणी गेटवर फ्लेक्स लावून काही होत नाही. ते काम संसदेतलं, म्हणून प्रश्न खासदाराला विचारायचा.

‘मग इतक्या वर्षांत झालं काय?’ असं पोरं विचारतील. काहीच झालं नाही असं नाही. पनामा आणि पॅराडाइजमधल्या ९३० प्रकरणांत १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत २०,३५३ कोटींच्या अघोषित रकमा सापडल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. रक्कम सापडणं आणि वसूल होणं यात मात्र मोठं अंतर असतं : ज्या त्या देशाकडून कागद मागवायचे, खरा मालक सिद्ध करायचा, मग अपिलं. हे संथ आहे आणि त्याचा राग येणं रास्त आहे.

आइसलँडमध्ये पनामा पेपर्सच्या दुसऱ्याच दिवशी हजारो लोक संसदेसमोर जमले आणि तिसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या लोकांच्या हातात एक नेमका मुद्दा होता : पत्नीच्या परदेशी कंपनीचे बुडालेल्या बँकांवर दावे होते आणि पंतप्रधानांनी ते देशाला सांगितलं नव्हतं. पाकिस्तानात जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नवाझ शरीफ अपात्र ठरले तेही पनामा पेपर्समध्ये गाजलेल्या लंडनच्या फ्लॅटवरून नाही, तर दुबईच्या कंपनीकडून येणं असलेला पगार उमेदवारी अर्जात न दाखवल्याबद्दल. दोन्हीकडं प्रकरण टिकलं ते न सांगितलेल्या एका ठोस गोष्टीवर. मंडळाच्या पोरांच्या हातात आज तशी एकही गोष्ट नाही. नुसत्या आडनावावर ‘चोर’ लिहिलं तर भारतीय न्याय संहितेत बदनामीला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ग्रुपवर पुढं ढकलणाराही त्यात येऊ शकतो. कोर्टाच्या तारखांना पोरं जातील, कारखाना वकील पाठवेल.

खरोखर काही ठोस असेल, म्हणजे बिलांतला फरक, कंपनीचं नाव, खात्याचा तपशील, तर आयकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर करचुकवेगिरीची तक्रार करता येते. पॅन-आधारची गरज नाही, ओटीपीवर चालतं, आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. आतल्या माहितीच्या आधारे परदेशी काळा पैसा वसूल झाला तर २०१८ च्या योजनेत ५ कोटींपर्यंत बक्षीसही आहे, पण ते त्या योजनेचा वेगळा अर्ज आधी भरला तरच. ‘अमुक मोठा माणूस आहे, चौकशी करा’ एवढ्याच तक्रारीचं काही होत नाही.

अशा याद्या फिरल्या की पाठोपाठ फोनही येतात : ‘तुमचं नाव यादीत आहे, इतके भरा, नाहीतर अटक.’ आखातातून परतलेली घरं यात लवकर सापडतात. आपल्याकडं महसूल खात्याची कन्नड नोटीस शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची सवय आहे. आयकराची इंग्रजी नोटीस मात्र त्या फोनवरच्या माणसाकडून समजून घेऊ नका. खऱ्या नोटिशीवर ‘डीआयएन’, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो. तो ई-फायलिंगच्या पहिल्याच पानावर लॉगिन न करता तपासता येतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

येत्या शनिवारी सीएकडे जाताना हे घेऊन जा : दोन्ही पासपोर्ट, तारखांचा कागद, मस्कतच्या खात्याची जानेवारी २०२४ पासूनची स्टेटमेंट (बँकेच्या अॅपवरून निघतात), ग्रॅच्युइटीच्या हिशेबाचा कागद, शेवटच्या पगाराच्या पावत्या, २०२२-२३ पासूनच्या सगळ्या रिटर्नच्या प्रती, आणि इथल्या बँकेचं पासबुक, त्यावर एनआरई छापलंय का ते बघून. आणि ग्रुपवर तुम्ही गप्प बसलात ते ठीक. पण फ्लेक्स लावण्याआधी पोरांना एकदा घरी बोलवा, मूळ नोंद मोबाईलवर उघडायला सांगा, आणि पत्त्याचा रकाना त्यांनाच मोठ्यानं वाचू द्या.